कडेची घंटा

मास्तरांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. ज्या माणसानं अख्खी उमर लोकांना गाडी शिकवण्यात घालवली, म्हणजे नवशिक्यांच्या शेजारी बसून रोज मरणाशी नव्यानं ओळख करून घेतली, त्यानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? डावा इंडिकेटर लावून उजवीकडे वळणारी माणसं त्यांनी पाहिली होती. 'हो सर, कळलं सर' म्हणत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणारे बँकेचे मॅनेजर पाहिले होते. म्हणून पहिल्याच तासाला ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायचे, "रस्त्यावरचा प्रत्येक जण चूक करणार आहे. कधी, तेवढंच ठरायचं बाकी आहे. मान वळवा आणि बघा. आरशावरसुद्धा विश्वास ठेवू नका."

असा माणूस इलेक्ट्रिक गाडी बुक करून आला, तीही स्वतःचा ब्रेक स्वतः मारणारी, तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. दोन ब्रेकची जुनी शिकवणीची गाडी विकून टाकली, ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरवली, आणि कुणी विचारलं की मास्तर गुडघ्यावर हात ठेवून सांगायचे, "गुडघे गेले हो. क्लच दाबवत नाही. या नव्या गाडीला क्लचच नाही."

गुडघे ठणठणीत होते. गेले होते ते डोळे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की काचबिंदू आहे, समोरचं दिसतंय पण कडेचं दिसणं कमी कमी होत चाललंय. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळायचं. मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता का?" मास्तर म्हणाले, "शिकवतो." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "दोन्ही बंद करा." मास्तरांनी निम्मं ऐकलं. शिकवणं दुसऱ्या दिवशी बंद केलं, कारण दुसऱ्याच्या पोरांच्या जिवाशी खेळण्याइतके ते वाईट नव्हते. पण चालवणं? स्टिअरिंग हातातून गेलं की माणसाचं पार्सल होतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. कुणीतरी उचलायचं, कुठेतरी ठेवायचं, पोचलं की कळवायचं. असं पार्सल होऊन जगायची त्यांना भीती वाटत होती. ती भीती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, मास्तरीणबाईंना तर नाहीच. थेंबांची बाटली त्यांनी दाढीच्या सामानात ठेवली होती, कारण तिथे कुणाचा हात जायचं कारण नव्हतं.

गंमत अशी, की हा आजार त्यांच्या धंद्यानंच झाकून ठेवला होता. दुसरा कुणी चौकात घुबडासारखी मान फिरवू लागला असता तर लोकांनी विचारलं असतं, काय झालं? मास्तरांना कुणी काही विचारलं नाही. मास्तर म्हणजे मान वळवणारच.

तर या अवस्थेत एक दिवस ते शोरूममध्ये शिरले. तिथल्या टायवाल्या विक्रेत्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गाडीची आरती सुरू केली. मास्तरांनी ऐकून घेतलं, मग शक्य तितक्या सहज विचारलं, "समोर कुणी आडवं आलं तर?"

"गाडी आपोआप ब्रेक मारणार, सर."

"आणि कडेनं आलं तर?"

"कडेनं सायकल येऊ दे, पोर येऊ दे, मांजर येऊ दे, लगेच घंटा वाजणार. तुम्ही नाही थांबलात तर गाडी थांबणार. या गाडीला चारही बाजूंनी डोळे आहेत, सर."

मास्तरांनी त्याच टेबलावर गाडी बुक केली. रंग निवडला हळदीचा. विक्रेता जरा चाचरला, कारण तो रंग नुसता छापील पुस्तकात होता, आजवर कुणी मागितला नव्हता. पण मास्तर अडून बसले. ज्याला दिसत नाही त्यानं निदान दुसऱ्याला दिसावं तरी, हा त्यामागचा विचार त्यांनी अर्थातच बोलून दाखवला नाही.

मग सुरू झालं वाट बघणं.

आधी गाडी महिनाअखेर येणार होती. मग जहाज अडकलं. मग जहाज सुटलं पण बॅटरी मागे राहिली. मास्तर दर सोमवारी फोन करायचे आणि विक्रेता दर सोमवारी एकच शब्द बोलायचा, "होईल सर, होईल." मास्तरांनी त्याचं नाव होईलराव ठेवलं.

"काय म्हणतात होईलराव?" मास्तरीणबाई विचारायच्या.

"म्हणतात गाडी तयार आहे, पण तिची अक्कल यायची आहे. सॉफ्टवेअर. ते म्हणे हवेतून येतं."

"हवेतून?"

"हो. आमच्या वेळी हवेतून फक्त थापा यायच्या. आता सॉफ्टवेअरही येतं."

मास्तरीणबाई हसायच्या आणि कामाला लागायच्या. इथेच मास्तरांच्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. लेकीचं गाव लांब, बस दोनदा बदलावी लागते, त्यात बाईंची कंबर धरते. गाडी नाही म्हणून सगळ्यांत जास्त हाल कुणाचे, तर त्यांचे. त्यांनी होईलरावाला शिव्या घालायला हव्या होत्या. पण गाडी लांबली की त्या रागावत नव्हत्या. उलट सुटल्यासारखा श्वास सोडत होत्या.

एकदा शंका आली की माणसाला सगळीकडे पुरावेच दिसतात. बाई रोज सकाळी बाहेर पडू लागल्या होत्या. कुठे, तर फिरायला. आयुष्यात कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे चालत न गेलेली बाई फिरायला जाते, त्यासाठी सपाट तळाचे बूट आणते, आणि परत येते तेव्हा पाय दुखत नसतात, खांदे दुखत असतात! चालून खांदे कुणाचे दुखतात? मास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, "हात हलवत चालते मी. डॉक्टर सांगतात तसं." कुठल्या डॉक्टरनं सांगितलं, हे विचारायची मास्तरांची हिंमत झाली नाही. डॉक्टर या विषयावर त्यांना स्वतःलाच जास्त बोलायचं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग फोनचं प्रकरण झालं. बाई अंघोळीला गेलेल्या असताना त्यांचा फोन वाजला. मास्तरांनी मान पुरती वळवून बघितलं. नंबर ओळखीचा होता. दर सोमवारी तेच तो नंबर फिरवत होते. उचलेपर्यंत फोन बंद झाला.

"शोरूमचा फोन होता तुला," बाई बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले.

"मला? तुमचा लागला नसेल."

"माझा चालू आहे."

"मग चुकून केला असेल," बाई म्हणाल्या, आणि केस पुसत आतल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लोटून घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात केस पुसायला त्यांना दार लोटावं लागलं नव्हतं.

मास्तर दिवसभर जळत राहिले. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात शंकाच नव्हती. पण काय? त्यांनी स्वतःशीच खटला चालवला. बाई गाडी रद्द करायला निघाल्या आहेत का? लेकीला हाताशी धरून काही ठरलंय? डोळ्यांचं कळलं असेल? छे, कळलं असतं तर बाई गप्प बसल्या नसत्या, घर डोक्यावर घेतलं असतं. मग राहिला होईलराव. तो बाईंच्या कानाला लागून गाडी दुसऱ्या कुणाला विकतोय, आणि भोळ्या बाई मास्तरांना त्रास नको म्हणून ते लपवतायत. हे मास्तरांना पटलं. ज्यात आपली चोरी उघडी पडत नाही ते माणसाला लवकर पटतं.

दुसऱ्या दिवशी बाई फिरायला गेल्या आणि मास्तर बस धरून थेट शोरूमला पोचले.

होईलराव त्यांना बघून खुर्चीतून असा उठला की खुर्चीच मागे पडली. "सर! फोन नाही केलात?"

"फोनवर तू दिसत नाहीस. कुठे आहे माझी गाडी?"

"होईल सर, या आठवड्यात—"

"कुठे आहे ते विचारलं. कधी ते नाही."

"एक मिनिट, साहेबांना विचारून येतो," म्हणत होईलराव काचेच्या खोलीत गेला. मास्तरांनी मान वळवून बघितलं. आत कुणी साहेब नव्हता. होईलराव भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता आणि घाम पुसत होता.

मास्तर उठले आणि सरळ मागच्या दारानं आवारात गेले. तिथे नव्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, पांढऱ्या, करड्या, काळ्या. शेवटच्या गाडीवर कापड टाकलेलं होतं. कापड आखूड पडलं होतं आणि खालून बोटभर पट्टा दिसत होता. हळदीचा. असा रंग अख्ख्या गावात एकाच माणसानं मागितला होता. मास्तरांनी कापडाचं टोक धरून ओढलं. त्यांची गाडी तिथे उभी होती आणि तिच्यावर साचलेल्या धुळीवरून कळत होतं, की ती काल-परवा आलेली नाही.

"होईलराव!" मास्तर ओरडले. समोरासमोर हे नाव त्यांनी पहिल्यांदाच वापरलं.

होईलराव धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. "सर, माझा दोष नाही. मॅडमनी सांगितलं होतं."

"कोण मॅडम?"

"तुमच्या घरच्या. गाडी येऊन बरेच दिवस झाले. त्या म्हणाल्या, मी सांगेन तेव्हाच द्यायची, तोवर काहीही कारण सांगा. कारणं मी माझ्या मनानं सांगितली, सर."

"जहाज?"

"ते खरंच अडकलं होतं. पहिल्यांदा."

जगात कुणावरच विश्वास नाही असं मास्तर आयुष्यभर सांगत आले होते, ते थोडं खोटं होतं. एका माणसावर होता.

"आणि सर, दुसरं एक," होईलराव आता सगळंच ओकून मोकळा व्हायच्या बेतात होता. "ती कडेची घंटा. ती या मॉडेलला सध्या नाहीये. पुढे येणार आहे. हवेतून. मॅडमनी खोदून खोदून विचारलं, म्हणून मीही कंपनीला विचारलं. कंपनी म्हणते, घंटा आली तरी कडेचं बघायची जबाबदारी ड्रायव्हरचीच."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. घंटा नाही! जिच्या भरवशावर त्यांनी डॉक्टरीणबाईंचं निम्मं बोलणं कानाआड केलं होतं, ती घंटा अजून जन्मालाच आलेली नव्हती. एकानं थाप मारली, दुसरीनं कट केला आणि आपण मध्ये बसून सोमवार मोजले, या विचारानं त्यांचं डोकं तापलं. घरी जाऊन बाईंना जाब विचारायचाच, असं ठरवून ते फाटकातून ताडताड बाहेर पडले आणि रस्त्यावर उतरले. इतकी वर्षं हजारो लोकांना मान वळवायला शिकवणारा माणूस त्या दिवशी मान वळवायला विसरला.

ब्रेक कर्कश ओरडले. मास्तरांच्या मांडीला एका गाडीचा बंपर टेकला. टेकलाच, लागला नाही. ती कडेनं आली होती. त्यांच्या दृष्टीनं ती आभाळातून पडली होती.

आणि सवयीनं, भीतीच्या आधी राग आला. मास्तरांनी बॉनेटवर हात आपटला आणि ओरडले, "आंधळी आहेस का गं?" स्टिअरिंगमागे बाई आहे एवढंच त्यांना दिसलं होतं.

काच खाली आली.

"मी नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडीवर शिकाऊचा लाल फलक होता. शेजारच्या सीटवर मास्तरांचीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. तिला ते घाईबाई म्हणायचे. पुढे तिनं बाजारापलीकडे स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेव्हा 'कानामागून आली आणि तिखट झाली' असं म्हणून मास्तरांनी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं.

"सर," घाईबाई चाचरत म्हणाली, "शोरूमचा फोन आला म्हणून आम्ही इकडेच येत होतो. मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. त्यांनीच दाबला."

मास्तर बॉनेटला धरून उभे राहिले. मागे हॉर्न वाजायला लागले. घाईबाईनं खाली उतरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, बाईंनी गाडी कडेला घेतली, आणि घाईबाई शहाणपणानं पाणी आणायला निघून गेली.

मग मास्तर म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"तुम्ही घरात मान वळवायला लागलात तेव्हा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना दोन्हीकडे बघून कोण येतं? तिथे काय ट्रक जातात?" बाई आरशात बघून बोलत होत्या, मागे वळल्या नव्हत्या. "आणि दाढीचं सामान पुसून ठेवतं कोण, असं वाटलं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, बघत होते. मग गाडी बुक करून आलात. मी होईलरावाला जाऊन विचारलं, ज्याला कडेचं दिसत नाही त्याला ही गाडी चालेल का? तो म्हणाला, होईल. तुम्हाला त्याच्या 'होईल'वर विश्वास ठेवायचा होता. मला नव्हता. म्हणून म्हटलं, मला चालवता येईपर्यंत गाडी दारात नको. एकदा दारात आली की तुमच्या हातातून किल्ली काढणं माझ्या बापाला जमलं नसतं."

"मला सांगितलं असतंस, तर मी शिकवलं असतं."

आता मात्र बाई वळल्या. "तुम्ही? लग्नानंतर एकदा शिकवलं होतंत. पहिल्या वळणाला म्हणालात, 'तुझ्याच्यानं व्हायचं नाही, शेजारी बस.' मी बसले. इतकी वर्षं बसले. परक्यांच्या पोरांना तुम्ही चार-चार वेळा वळण शिकवायचात, मला एकदा." त्यांचे डोळे भरून आले होते पण आवाज सरळ होता. "मला त्याचाही राग आहे आणि तुम्ही डोळ्यांचं लपवलंत त्याचाही. आत्ता माझा पाय अर्धा क्षण उशिरा पडला असता तर काय झालं असतं, ते सांगा. सांगा ना मास्तर."

आपण रडतोय हे मास्तरांना चष्मा धुरकटल्यावर कळलं. राग त्यांना अजूनही आला होता, फसवलं गेल्याचा. पण कुणी कुणाला आधी फसवलं याचा हिशोब मांडला तर निकाल आपल्या विरुद्ध जातोय, हेही त्यांना समोर दिसत होतं. समोरचं अजून नीट दिसत होतं.

बाईंची परीक्षा झाली त्या दिवशी मास्तर मैदानाच्या तारेबाहेर उभे होते. आत जाऊ नका, तुम्हाला बघून त्या चुकतील, असं घाईबाईनं बजावलं होतं. बाईंनी उलटी गाडी घेताना एक खांब हलवला, पाडला नाही. परीक्षकानं पास केलं. मास्तरांना त्या परीक्षकाचाही संशय आला. फारच सढळ माणूस दिसतो, ते पुटपुटले. बाईंना मात्र म्हणाले, "खांब हलला तो तुझा नव्हे, त्याचाच दोष. सैल होता."

मग गाडी घ्यायला दोघं शोरूमला गेले. हळदी गाडी धुऊन-पुसून उभी होती. घंटा अजून हवेतच होती. मास्तरांनी टायर दाबून बघितले, दारं चारदा उघडझाप केली आणि बॉनेटखाली इंजिन नाही याबद्दल होईलरावाला पुन्हा एकदा बोल लावला.

"बसा की एकदा," बाई म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

मास्तर बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. हात आपोआप जागेवर गेले. होईलरावानं कुठलंसं बटण दाबलं तशी सीट हळूच मागे सरकली आणि आरसे आपणहून वळले.

"ही सीट आठवण ठेवते, सर," होईलराव खिडकीतून वाकून म्हणाला. "ड्रायव्हर बदलला की बटण दाबायचं, सगळं त्याच्या मापानं होतं. दोन बटणं आहेत. एक नंबर तुमचा करतो आणि दोन नंबर मॅडमचा. चालेल ना?"

मास्तरांनी कडेच्या आरशाकडे बघितलं. मग मान वळवून पुरतं बघितलं. पलीकडे बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. दोनांतला कुठलाही नंबर त्यांनी मागितला असता तर बाईंनी आज तो दिला असता, हे त्यांना ठाऊक होतं. ते खाली उतरले.

"एक नंबर तिचा कर."

"होईल सर. आणि दोन नंबर तुमचा?"

"दोन नंबर लागणार नाही," मास्तर म्हणाले, आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.